वीस मिनिटांवरचे पाकलिक

कालिदुरेन, सोमवार लगी, ७ मार्च

पाकलिक गुनारसो यांच्या पायाशी पालुपीचा नमस्कार.

मी कोण हे विसरला असाल तर सांगते. तुमचे थोरले भाऊ मार्तोयो, त्यांची मी एकुलती एक मुलगी. तुम्ही शेवटचे आलात तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता लग्न करतेय. मुलाचं नाव हंदारू. शाळेत गणित शिकवतो, बॅडमिंटन बरं खेळतो, आणि जमीन जरा हलली की वर्गातल्या पोरांच्या आधी पटांगणात पोचतो. असा माणूस भूकंप नोंदवणाऱ्या मुलीशी लग्न करायला निघालाय, तेव्हा त्याच्या हिमतीला दाद द्या.

हो, भूकंप नोंदवणारी! टेकडीवरच्या भूकंप-चौकीत मी तीन वर्षं काम करतेय. बापाक म्हणाले होते, "घराण्यात भूकंपांच्या मागे लागलेला एक वेडा पुरेसा होता." तरी मी गेलेच. रोज सकाळी काजळी धरलेला नवा कागद यंत्राच्या फिरत्या ढोलावर चढवते, सुई टेकवते, कालचा कागद उतरवते. नखांतली काजळी काही जात नाही. इबू म्हणते, "माझी पोर नवरी आहे की कोळसेवाली?"

आता मुद्द्याचं. परवा मशिदीतले पाक मोदिन लग्नाची कागदपत्रं बघायला घरी आले. चहा पीत म्हणाले, "वडील नाहीत, आजोबा नाहीत, भाऊ नाही. मग मुलीचा वली कोण? निकाहाला तिला देणारं कुणीतरी हवं ना!"

मी म्हटलं, "पाकलिक आहेत की. बोगोताला."

"हे कुठं आलं? सुमात्रात?"

"नाही, पाक मोदिन. इथून सरळ खाली खणत गेलात तर पलीकडे निघाल तिथे."

त्यांनी पेल्याखालच्या जमिनीकडे जरा संशयानेच बघितलं. मग म्हणाले, "ते आले तर उत्तम. नाही आले, तर निकाह नोंदवणारे सरकारी पंगूलू वली म्हणून उभे राहतील. कायद्याने चालतं."

मला नाही चालत, पाकलिक. त्या पंगूलूंना मी ओळखतही नाही. माझ्या बापाच्या बाजूचा एकच पुरुष या जगात जिवंत आहे आणि तो तुम्ही आहात. लग्न बसार महिन्यात, ऑगस्टच्या सुरुवातीला. त्यानंतर सुरा महिना लागतो, आणि सुरात कालिदुरेनमध्ये कुणी मांजराचंही लग्न लावत नाही. म्हणजे पुढे ढकलायची सोय नाही.

तुम्ही फार लांब आहात असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत. तुमच्याकडे भूकंप झाला की त्याची लाट खडकातून खाली उतरते, वितळलेल्या लोखंडातून जाते, मधला लोखंडाचा घट्ट गोळा पार करते, पुन्हा वितळलेलं लोखंड, पुन्हा खडक, आणि माझी सुई हलवते. वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांत तर आमची बस बाजारापर्यंतसुद्धा पोचत नाही.

उत्तराची वाट बघते.

तुमची पालुपी

*

कालिदुरेन, गुरुवार वागे, १४ एप्रिल

पाकलिक,

तुम्ही ठीक आहात ना? आधी एवढंच सांगा, बाकीचं मग.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या बाजूला मोठा भूकंप झाला. रेडिओवर दुसऱ्या दिवशी कळलं. डोंगराकडच्या गावांत घरं पडली म्हणाले, बोगोताबद्दल काहीच नाही म्हणाले. मी इबूला सांगितलं तर ती तव्यावरचं तेंपे उलटत म्हणाली, "त्याला काय होणार! दगड आहे तो, दगडाला भूकंप काय करणार?" आणि मग तेंपे करपवलं. इबूचं तेंपे करपलेलं मी आजवर दोनदाच बघितलंय.

आमच्याकडे त्या दिवशी वेगळाच गोंधळ. संध्याकाळी चंद्र उगवला तोच अर्धा खाल्लेला. ग्रहण! तुम्हाला आठवत असेल आपल्याकडची रीत. राहूचं मुंडकं वर चंद्र गिळतं, आणि त्याचं धड खाली पडून उखळ झालेलं, म्हणून उखळ बडवायचं. पोटात मार बसला की चंद्र ओकतो. तर गावातल्या झाडून सगळ्या बाया मुसळं घेऊन धावल्या. गावातलं सगळ्यात लांब, सगळ्यात जुनं उखळ कुठे ठेवलेलं? चौकीच्या कुंपणाला टेकून. आणि पहिलं मुसळ कोणाचं? इबूचं!

आमचे साहेब पाक विग्न्यो कुंपणाशी उभे राहून हात जोडत होते. "बायांनो, खाली तळघरात यंत्र आहे! सगळं नोंदलं जातंय!"

"नोंदू दे की," इबू म्हणाली. "राहूला पण कळू दे कालिदुरेनच्या बाया किती जोर लावतात."

चंद्र सुटला, साहेबांचा कागद मात्र गेला. आणि नेमका त्याच वेळेला तुमच्याकडचा भूकंप. सकाळी मी कागद उतरवला तर त्यावर बायांची मुसळंच मुसळं.

बाकी, माझ्या पहिल्या पत्राला उत्तर नाही. टपाल उशिरा पोचलं असेल, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण मला ठाऊक आहे. आजी गेली, बापाकनी त्याच दिवशी दफन केलं, आणि तुम्ही चाळिसाव्या दिवसाच्या स्लामतानच्या जेवणाला येऊन सगळ्यांसमोर विचारलंत, "माझ्यासाठी थांबला का नाहीस?" बापाक म्हणाले, "मयत थांबत नाही. आणि तू कुठे थांबलास?" मी दाराआड होते, सगळं ऐकलं. तेव्हापासून दोघंही मूग गिळून बसलात. तुम्ही तर पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात.

पण पाकलिक, एक सांगू? एवढे शिकलात, आणि लपायची जागा मात्र चुकीची निवडलीत. लपायचंच होतं तर सावलीच्या पट्ट्यात जायचं. आडवी झुलत जाणारी लाट वितळलेल्या लोखंडाशी थांबते, पुढे जातच नाही. ढकलत जाणारी जाते, पण तिथे वाकते, आणि मधला एक पट्टा कोरडा राहतो. तेवढ्यावरून तर लोकांना कळलं की पृथ्वीच्या पोटात काहीतरी पातळ आहे. त्या पट्ट्यात बसला असतात तर माझं काही तुमच्यापर्यंत पोचलं नसतं. तुम्ही बसलात अगदी समोर, जिथे इथून चहूकडे पसरलेल्या सगळ्या लाटा गोळा होऊन पुन्हा एकत्र येतात! जगात सगळ्यात लांब पळालेला माणूस तिथेच पोचतो, त्याला कोण काय करणार.

जिवंत असाल तर कळवा. रागावलेले असाल तरी कळवा.

पालुपी

*

कालिदुरेन, मंगळवार क्लिवोन, १० मे

श्रीमान गुनारसो,

तुमचं पत्र चौकीला मिळालं. मला नाही, चौकीला. पाक विग्न्योंनी सगळ्यांना वाचून दाखवलं. "आपल्या चौकीचं स्थान आमच्या देशाच्या जवळजवळ बरोबर विरुद्ध टोकाला असल्याने, सदर भूकंपाची आपल्याकडील नोंद पृथ्वीच्या गाभ्याच्या अभ्यासास मोलाची आहे. कृपया मूळ नोंद पाठवावी." खाली सही. लग्नाबद्दल अक्षर नाही. वलीबद्दल अक्षर नाही. माझ्या दोन पत्रांबद्दल तर जाऊच द्या.

जिवंत आहात हे कळलं. इबूला सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलंच होतं," आणि बाजारातून येताना फणसाचं गुदेग करायला सामान घेऊन आली. कोणाचा वाढदिवस नसताना.

पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते हवंय, आणि भावाच्या पोरीच्या पोटात काय चाललंय त्याची चौकशी नाही! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. नोंदच हवी होती तर जकार्ताला लिहायचं. कालिदुरेनचीच का?

तर आता चौकीच्या वतीने उत्तर. नोंद बिघडलेली आहे. त्या संध्याकाळी ग्रहण होतं आणि माझी आई, तुमच्या वहिनी लासिनेम, गावच्या बायांसह उखळ बडवत होत्या. सुईने पृथ्वीच्या गाभ्याऐवजी त्यांचे दंड नोंदवले. पाक विग्न्यो फार खजील आहेत. माफीचं पत्र तीनदा लिहून फाडलं. मी म्हटलं, "द्या, मीच लिहिते, पत्ता मला पाठ आहे."

त्यातून काय निघतंय ते बघायचं असेल तर स्वतः येऊन बघा. काजळीचा कागद आहे, टपालात हात लागला की पुसतो. बसार महिन्यात या. त्या दिवसांत आमच्याकडे लग्न पण आहे, जेवायची सोय होईल.

चौकीची कर्मचारी,
पालुपी बिंती मार्तोयो

*

कालिदुरेन, शुक्रवार पॉन, १७ जून

प्रिय पाकलिक,

काल तुमचं पत्र आलं. माझ्या नावावर, घरच्या पत्त्यावर. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत मी ते हिसकावून घेतलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन वाचलं.

पकडली गेले ना मी! "कालिदुरेनच्या चौकीत लोलकाची दोन यंत्रं आहेत हे मला ठाऊक आहे. जलद लोलकावर मुसळं उमटली असतील, संथ लोलकाला वहिनींच्या मुसळाचं काही देणंघेणं नाही. त्याचा कागद चांगला असणार. तू मला काय खुळा समजतेस?" असं तुम्ही लिहिलंत. बरोबर आहे. संथ लोलकाचा कागद छान आहे. वीस मिनिटं आणि थोडी जास्त, मग सुई हळूच वर, खाली, पुन्हा वर. मी लाख लावून तो पक्काही करून ठेवलाय. टपालाने जाऊ शकतो. मी खोटं बोलले.

आणि तुम्ही खरं बोललात? पुढच्याच ओळीत कबूल केलंत की नोंदीची नक्कल तुम्हाला आधीच दुसरीकडून मिळाली होती. म्हणजे चौकीला लिहिलेलं ते पत्र माझ्यासाठीच होतं. आपल्या घराण्यातली माणसं सरळ का बोलत नाहीत हो?

पण मग तिसरं पान. ते मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कोंबडीवर ओरडले, कारण दुसरं कोणी जवळ नव्हतं. तुम्ही म्हणता, येणार नाही. "थोरला भाऊ, माझा कांग मार, जिवंत असताना मी पुन्हा त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. आता तो नसताना कोणत्या तोंडाने येऊ?" त्याऐवजी पाक मोदिनना लेखी अधिकार पाठवता, "माझ्या वतीने तुम्हीच निकाह लावून द्या" म्हणून.

मी विचारलं त्यांना. "चालतं," म्हणाले. "दोन साक्षीदारांची सही हवी, बस."

कागद चालतो, पाकलिक. पण मी रोज कागदच बघते. मला त्या दिवशी माणसाचा आवाज हवाय.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी सांगू नकोस म्हणून बापाकनी मला बजावलं होतं. मी कबूल केलं होतं. आज मोडते.

मी चौकीत लागल्यापासून बापाक रोज संध्याकाळी आपली टोफूची भट्टी बंद केली की थाळीभर टोफू घेऊन टेकडी चढून यायचे. पाक विग्न्योंना टोफू आवडतो म्हणे. पाक विग्न्योंना टोफूने पोटात गडबड होते, ते सगळा मांजराला घालायचे. बापाक बाकावर बसायचे, गुडघे चोळायचे, आणि इकडेतिकडे बघत विचारायचे, "आज तिकडून काही आलं?"

"तिकडून म्हणजे कुठून, बापाक?"

"तिकडून गं. खालून."

एकदा आलं. तुमच्याच भागातला, लहानसा. मी त्यांना सुईची ती बारीक थरथर दाखवली. चष्मा वर करून, नाक कागदाला लागेल इतकं वाकून बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे बरा आहे."

मी हसले. "बापाक, हा भूकंप आहे, पाकलिक नाहीत."

"कळतंय मला," ते म्हणाले. "तरी पण."

नंतर घरी जाताना म्हणाले, "हे तुझ्या आईला सांगू नकोस. त्यालाही लिहू नकोस. उगाच चढून बसेल." आजारी पडेपर्यंत रोज येत राहिले. शेवटी शेवटी टेकडी चढताना तीनदा बसायला लागायचं, तरी थाळी हातात.

आता ठरवा कोणत्या तोंडाने यायचं ते. माझ्या मते आहे त्याच तोंडाने या, ते त्यांना बघायचं होतं.

पालुपी

ता. क. इबूला दोन ओळी लिहायच्यात म्हणते. पेन तिला देते.

गुनारसो, तुला जेवण कमी तिखट लागायचं, अजून तसंच का? मुलगी हट्टी आहे, बापावर गेली. तू पण त्याच्यावरच गेलास. ये. लासिनेम.

*

कालिदुरेन, मंगळवार क्लिवोन, १९ जुलै

पाकलिक,

हे पत्र पोचेल तोवर तुम्ही निघालेले असाल. परत गेल्यावर वाचा. मला आत्ता कोणालातरी लिहिल्याशिवाय राहवत नाही आणि तार इतकी लहान असते.

तुमची तार सकाळी आली. एकच शब्द. "येतो." पोस्टमनने गावभर वाचून दाखवली, मग माझ्याकडे दिली. पाक विग्न्योंनी चौकी आतून-बाहेरून रंगवायला काढलीय, जणू तुम्ही तपासणीला येताय. हंदारू रात्रंदिवस कबूल करायचं वाक्य पाठ करतोय. त्याची आई सांगत होती, झोपेतसुद्धा "कबूल" म्हणतो. बिचाऱ्याला तुमची भीती वाटते. मी म्हटलं, घाबरू नकोस, ते बारा वर्षं एका शब्दानेही कोणाला रागावलेले नाहीत.

मला घरातून बाहेर पडू देत नाहीत आता, नवरीने बाहेर पडायचं नसतं. हळद-तांदळाचं उटणं लावून लावून इबूने माझी नखं पिवळी केलीत. काजळी खालीच आहे.

मी फार आनंदात आहे, पाकलिक. लिहूनच टाकते.

पालुपी

*

कालिदुरेन, गुरुवार पाहिंग, २५ ऑगस्ट

प्रिय पाकलिक,

पोचल्याचं कळलं. थंडीत नीट राहा. इबूने दिलेला लोणच्याचा डबा कस्टमवाल्यांनी उघडायला लावला आणि मग सगळेच मागे सरले, हे वाचून ती अजून हसते आहे. दोन दिवसांत तिने हे अख्ख्या बाजाराला सांगितलं. संथ लोलकाचा कागद सुखरूप पोचला हे वाचून पाक विग्न्योंना बरं वाटलं.

निघताना अंगणात तुम्ही मला विचारलंत, "निकाहानंतर बाहेर आलीस तेव्हा तुझं काजळ गालावर आलेलं होतं. मी अडखळलो म्हणून वाईट वाटलं का?" मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली. गाडी उभी होती, हंदारूच्या हातात तुमची पेटी होती, सगळे बघत होते. तिथे सांगता आलं नसतं. आता सांगते.

तुम्ही बाहेरच्या खोलीत पाक मोदिनसमोर बसला होतात. मी आतल्या खोलीत, इबूजवळ. मध्ये भिंत. मला काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. पाक मोदिन म्हणाले, "वलींनी म्हणावं." तुम्ही सुरुवात केलीत, "हंदारू, माझ्या भावाची मुलगी, पालुपी बिंती..." आणि थांबलात. तेवढ्यात हंदारूने घाईघाईने म्हणून टाकलं, "कबूल!" लोक हसले. पाक मोदिन म्हणाले, "अरे बाबा, कोणाची मुलगी ते तर कळू दे!"

दुसऱ्यांदा तुम्ही तिथेच थांबलात. या वेळी कोणी हसलं नाही. इबूने माझा हात धरला होता, तो इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. आम्हाला दोघींना माहीत होतं तुम्हाला कोणतं नाव घ्यायचंय. बापाक गेल्यापासून आमच्या घरात ते कोणी मोठ्याने घेतलेलं नाही. आम्ही "ते" म्हणतो. इबू तर "हे" म्हणते, जणू शेजारच्या खोलीत बसलेत. आणि तुम्ही तर त्याच्याही कितीतरी आधीपासून घेतलं नव्हतंत.

तिसऱ्यांदा तुम्ही पूर्ण म्हणालात. मोठ्याने, सावकाश. "हंदारू, माझ्या भावाची मुलगी, पालुपी बिंती मार्तोयो, हिचा निकाह मी तुझ्याशी लावून देतो." हंदारूने या वेळी नेमक्या जागी कबूल म्हटलं. साक्षीदार ओरडले, लोकांनी दुआ मागितली, पोरांनी आरडाओरडा केला. इबू मात्र हललीच नाही. भिंतीकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "ऐकलंस?"

ऐकलं होतं, पाकलिक. समोर बसलात की तुम्ही तुमच्यासारखे दिसता, ओठ वेगळे, कपाळ वेगळं, म्हणून इतके दिवस घरात वावरलात तरी लक्षात आलं नाही. भिंतीच्या अलीकडून नुसता आवाज ऐकला तेव्हा कळलं. तो बापाकचा आवाज आहे. हुबेहूब. माझं नाव घेताना "लु" वर जरासा टेकतो, तोसुद्धा.

मला माझ्या बापानेच दिलं. म्हणून रडले.

तुमची पालुपी